तिसरं कडवं

उकाड्यामुळे कोर्टाच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि नेमकं त्याच वेळी समोरच्या खानावळीत कुणीतरी रेकॉर्डच्या पेटीत नाणं टाकलं. आधी फिडलचा रडका सूर आला, मग क्लेल रॅन्समचा आवाज.

पावसात वाजली शिट्टी गाडीची,
पाळण्यात बाळ जागं,
दार उघडं टाकून गेली ती,
पाहिलं नाही मागं.

व्हर्डीने डोळे मिटून घेतले. तिची पोर कुणाकडे राहायची याचा आज निकाल होता, आणि खटला उभा राहण्याआधीच समोरच्या बाजूचा साक्षीदार बोलायला लागला होता. जज्ज पर्सेल यांनी खिडकी लावायला सांगितलं नाही. उलट त्यांचं बोट टेबलावर ताल धरायला लागलं. लक्षात आल्यावर त्यांनी ते आवरलं, पण व्हर्डीने ते बोट पाहिलं होतं.

आमच्या डोंगरात गाणं खोटं असू शकतं हे कुणाच्या गळी उतरत नाही. माणूस खोटं बोलतो, वकील बोलतो, खाणीचा मुकादम तर बोलतोच बोलतो. पण गिटार गळ्यात अडकवून, डोळे मिटून कुणी गायला लागलं, की ते देवाशपथ खरं. त्यात तिचा नवरा क्लेल दर शनिवारी रेडिओवर गाण्याआधी दोन वाक्यं बोलायचा. "मंडळी, हे गाणं मी रचलेलं नाही. हे माझ्या घरात घडलेलं आहे." 'घरात' म्हणताना त्याचा आवाज बरोब्बर फाटायचा. तीन राज्यांतल्या बायका एप्रनला नाक पुसायच्या आणि त्या नाव नसलेल्या बाईला शिव्या घालायच्या. या खोऱ्यात तिचं नाव सगळ्यांना माहीत होतं. मोज्यांच्या मिलमध्ये व्हर्डी जेवायला बसली की बाकावरच्या बायका डबे उचलून पलीकडे जायच्या.

घडलं होतं ते असं. क्लेल गावोगाव गात हिंडायचा आणि घरी पैसा यायचा नाही. व्हर्डीने डोंगरापलीकडच्या मिलमध्ये काम धरलं. तिथल्या राहायच्या घरात लेकरं चालत नव्हती. म्हणून सासूशी बोलून, तिच्याच स्वयंपाकघरात बसून ठरलं, की नाताळापर्यंत ओलेटाला सासू सांभाळेल. सासूने, आयसी रॅन्समने, निघताना तिला वाटेसाठी तळलेली सफरचंदाची पोळी बांधून दिली होती. भर सकाळ होती, ऊन होतं. ओलेटा पाच वर्षांची होती, पाळणा कधीच माळ्यावर गेला होता. पोर कुंपणावर चढून हात हलवत होती.

मग गाणं आलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी व्हर्डी बाहुली घेऊन परत आली, तर दाराला आतून कडी. त्यानंतर दीड वर्षात आयसीने तिला अंगणात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

ओलेटा आता आजीशेजारी बसली होती. सात वर्षांची, वेण्या घट्ट घातलेल्या, हातात शवपेट्यांच्या दुकानाची जाहिरात असलेला पुठ्ठ्याचा पंखा. ती आईकडे बघत नव्हती. बघू नको असं कुणी सांगितल्यावर पोरं जशी बघत नाहीत, तशी बघत नव्हती.

आयसीला आधी बोलावलं. चर्चला जायचा काळा झगा, ताठ मान. बायबलवर हात ठेवून ती बोलायला लागली.

"पावसाची रात्र होती, साहेब. मी आतल्या खोलीत होते. बाळ पाळण्यात रडायला लागलं म्हणून उठले, तर दार उघडं. वाऱ्याने आपटत होतं नुसतं. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली आणि मला कळलं, गेली."

व्हर्डीचे वकील टॅकेट हे म्हातारे, ढगळ कोटातले गृहस्थ होते. ते हळूच उठले.

"मिस आयसी, कुठली गाडी हो?"

"कुठली म्हणजे? रात्रीची."

"तुमच्या घरापासून रूळ किती लांब आहेत?"

आयसी थबकली. रूळ तिच्या खोऱ्यात नव्हतेच. गाडीची शिट्टी ऐकायची तर डोंगर ओलांडून खाणीच्या गावाला जावं लागायचं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"मी ऐकली," आयसी म्हणाली. "या कानांनी ऐकली. टॅकेट, तू लंगोटात असल्यापासून मी तुला ओळखते. मला खोटं पाडायला निघालास?"

"नाही हो मावशी. खोटं बोलताय असं कुठं म्हणतोय मी?"

आणि ते खरंच होतं. व्हर्डीला तिच्या डोळ्यांत साफ दिसत होतं, की म्हातारी खोटं बोलत नव्हती. दीड वर्ष दर शनिवारी रेडिओजवळ बसून तिने ते गाणं ऐकलं होतं, आणि कधीतरी पोळीची सकाळ पुसली जाऊन तिच्या जागी पावसाची रात्र येऊन बसली होती. आपला मुलगा गाण्यात खोटं बोलेल हे तिला पटणं शक्य नव्हतं. मग आपल्यालाच नीट आठवत नसणार. खोटारड्या बाईशी भांडता येतं. हिच्याशी कसं भांडायचं? व्हर्डीला रडूही येईना.

शिट्टीचं कुणी फार मनावर घेतलं नाही. गाण्यात गाडी असायचीच, असं लोकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

जेवणाची सुट्टी झाली तशी व्हर्डी जिना उतरून मागच्या अंगणात धावली. हॉबर्ट साइझमोर तिथे क्लेलच्या मोटारीच्या पायरीवर बसून मक्याची भाकरी ताकात कुस्करून खात होता. हॉबर्ट क्लेलच्या ताफ्यातला फिडलवाला. चाळिशी उलटलेला, बोलायला कंजूष. फिडलची पेटी त्याने सावलीत ठेवली होती, स्वतः उन्हात बसला होता.

"हॉबर्ट, तू बोलणार आहेस की नाही?"

"व्हर्डी, जा इथून. क्लेल बघेल."

"बघू दे. माझ्या स्वयंपाकघरात बसून गायलास तू ते. मी बटाटे तळत होते. माझ्या डोळ्यांदेखत त्याने तुला नोट दिली आणि तू हात मिळवलास. मी केलेलं नाही ते माझ्या माथी मारलंय त्याने, आणि रचलंस तू!"

"म्हणूनच तर," हॉबर्ट भांड्यात बघत म्हणाला. "हात मिळवला. विकलेलं गाणं विकलं. आता ते त्याचं. ज्याने घेतलं त्याने नाव लावायचं, आणि ज्याने विकलं त्याने मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. माझी चार गाणी आहेत रेडिओवर, व्हर्डी. कुणाला सांगितलंय मी? जो सांगतो त्याच्याशेजारी दुसऱ्या दिवशी कुणी वाजवायला उभं राहत नाही."

हे काही तो एकटा म्हणत नव्हता. तो सगळा धंदाच असा चालायचा. भाडं थकलं की कुणीतरी गाणं विकायचं. विकत घेणारा दुसऱ्याचं चोरतोय असं कुणाला वाटायचं नाही. विकून वर बोंबलणारा मात्र चोरापेक्षा हलका ठरायचा.

"माझी पोर जातेय," व्हर्डी म्हणाली. "तुझ्या गाण्यापायी."

हॉबर्टने चमचा खाली ठेवला.

"ते तुझ्यावर नाहीच मुळी. माझ्या आईवर आहे."

"मग ती गेली होती?"

"गेली होती. पण..." त्याने मान हलवली. "त्याला आणखी एक कडवं होतं. तू तळत होतीस, तुझ्या लक्षात नसेल. क्लेल म्हणाला, रेकॉर्डच्या एका बाजूला तीनच मिनिटं मावतात, तिसरं काढून टाक. आणि म्हणाला, लोकांना ती गेलेलीच बरी वाटते."

"काय होतं त्यात?"

वरून घंटा वाजली. हॉबर्टने भांडं पालथं केलं, फिडलची पेटी उचलली आणि तिच्याकडे न बघता जिन्याकडे निघाला. व्हर्डीचा धीरच सुटला. त्या पायरीवर बसून राहावं आणि वर जाऊच नये असं तिला वाटलं. पण वर ओलेटा होती.

दुपारी क्लेल साक्षीला उभा राहिला. पांढरा कोट, बाह्यांवर गुलाब भरलेले, हॅट छातीशी धरलेली. देखणा तर तो होताच. त्याने कोर्टाकडे अशी नजर फिरवली, की दोघीतिघींनी केस सावरले. व्हर्डीला आठवलं, कधीकाळी आपणही सावरले होते. तिला स्वतःचाच राग आला.

"मिस्टर रॅन्सम," टॅकेटनी विचारलं, "समोरच्या खानावळीत सकाळपासून सात वेळा वाजलं, ते गाणं कुणी रचलं?"

क्लेलच्या शहरी वकिलाने हरकत घेतली. जज्ज म्हणाले, उत्तर द्या.

"साहेब, मी नेहमी सांगतो तेच सांगतो. रचलेलं नाही, घडलेलं आहे."

"तसं नको. बायबलवर हात आहे तुमचा. शब्द कुणाचे?"

लोकांच्या हातांतले पंखे थांबले. क्लेलची नजर क्षणभर मागच्या बाकाकडे गेली, जिथे हॉबर्ट मांडीवर पेटी घेऊन बसला होता. व्हर्डीनेही मान वळवली. हॉबर्ट जमिनीकडे बघत होता. क्लेलच्या चेहऱ्यावर हसू परत आलं.

"माझे," तो म्हणाला. "शब्दन्‌शब्द. माझ्या काळजातून आलेत ते."

टॅकेट खाली बसले. त्यांच्याकडे विचारायला काही उरलं नव्हतं. व्हर्डीकडे ना साक्षीदार होता ना कागद. एक तिचा शब्द होता, आणि तो एका गाण्यासमोर उभा होता. जज्ज पर्सेल यांनी चष्मा काढला, नाकाचा शेंडा चोळला आणि व्हर्डीकडे अशा दयेने पाहिलं, की ती समजून चुकली. निकाल विरुद्ध जाणार असला की माणसं असंच बघतात.

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

मागे बाक करकरला.

"मला," हॉबर्ट म्हणाला.

"हॉबर्ट," क्लेल हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खाली बस."

"तू आज बायबलवर हात ठेवून शब्दन्‌शब्द म्हणालास, क्लेल. नुसतं 'माझं गाणं' म्हणाला असतास तर मी बसलोच होतो." हॉबर्ट जज्जांकडे वळला. "साहेब, मी जे विकलं त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. ते विकलं, हात मिळवला, संपलं. पण या गाण्याचं तिसरं कडवं आहे. ते याने घेतलंच नाही. सोडून दिलं. म्हणजे ते अजून माझं आहे. माझं मी गाऊ शकतो."

कोर्टात एकच गलका उडाला. "काय म्हणतोय हा? विकलं?" "अरे, मग ते लिहिलं कुणी?" एका खाणवाल्याने "च्यायला!" म्हणून हॅट मांडीवर आपटली. क्लेलचा वकील ओरडला, "हे कोर्ट आहे, कोठारातला नाचगाण्याचा जलसा नव्हे!"

"पहिली दोन कडवी मी वर्षभर ऐकतोय," जज्ज म्हणाले, "तुमच्या अशिलाच्याच कृपेने. तिसऱ्याला किती वेळ लागेल? मिस्टर साइझमोर, बायबलवर हात ठेवा. मग म्हणा."

हॉबर्टने फिडल काढलं नाही. नुसता उभा राहिला. त्याचा आवाज काही गायकाचा नव्हता, चिरका आणि जुना होता.

बर्फ पडलं नि परतून आली,
दारावर पडली थाप,
"वारा सुटलाय, झोप बाळा,"
म्हणाला माझा बाप.
सकाळी दारात पावलं होती
येतानाची, जातानाची,
बापाने ती झाडून टाकली,
वेळ होती न्याहारीची.

क्लेल हॅटच्या काठाकडे बघत होता. हॉबर्ट एवढंच म्हणाला, "ही माझी आई, साहेब. व्हर्डीचा हिच्याशी काही संबंध नाही. आणि क्लेलचा तर नाहीच नाही." मग तो मटकन खाली बसला, आणि त्याने तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं.

क्लेलच्या वकिलाला तेवढ्यात वाट सापडली. "महाराज, कडवं काय, कुणीही रचेल. त्याने काय सिद्ध होतं?"

आणि वकील चुकीचं बोलत नव्हता. व्हर्डीलाही ते कळत होतं. एका कडव्याविरुद्ध दुसरं कडवं, एवढंच झालं होतं. जज्ज चष्मा पुसत राहिले.

"मॅमॉ," ओलेटा म्हणाली.

ती आजीशी हळू बोलत होती, पण त्या शांततेत तिचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"मॅमॉ, तूपण म्हणाली होतीस वारा आहे."

"गप बस, बाई."

"नाताळच्या वेळी. मी विचारलं कोण आहे, तर तू म्हणालीस वारा. झोप म्हणालीस." पोरीने पंखा मांडीवर ठेवला. तिचा आवाज चिडका नव्हता. बऱ्याच दिवसांपासून मनात अडकलेलं काहीतरी तिला विचारायचं होतं. "पण मॅमॉ, वारा तर माझं नाव घेत होता."

व्हर्डीच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. तिने तो रुमालाने दाबला. दीड वर्षं तिला एकच गोष्ट खात होती, की पोरीने ऐकलं का, आणि ऐकूनही आली नाही का.

"मिस आयसी," जज्ज पर्सेल फार हळू बोलले. "त्या संध्याकाळी वारा होता का?"

म्हातारी ताठ बसलेली होती. तिचे ओठ हलत होते. तिने मुलाकडे पाहिलं, पण मुलगा हॅटमधून डोकं वर काढायला तयार नव्हता. मग तिने नातीकडे पाहिलं. गाण्यात नाताळची संध्याकाळ नव्हती. ती तिच्या आठवणीत जशीच्या तशी शिल्लक राहिली होती, त्या संध्याकाळपर्यंत गाण्याचा हात पोचलाच नव्हता.

"नाही," आयसी म्हणाली. "पानसुद्धा हलत नव्हतं." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "बाहुली ठेवून गेली होती ती पायरीवर. मी चुलीत घातली. क्लेल म्हणाला होता, ही परत यायची नाही. आणि ती तर आली होती. मग मी काय करायला हवं होतं?"

तिच्यासारखी माया करणारी आजी खोऱ्यात दुसरी नव्हती, आणि तिनेच ते दार लावलं होतं.

जज्जनी निकाल तिथेच सांगितला, पोर आईकडे जाईल. शहरी वकील काहीतरी बोलत राहिला, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला क्लेलही थांबला नाही. तो बाजूच्या दाराने निघून गेला. जाताना हॉबर्टच्या बाकापाशी क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "आता चालत जा घरी." हॉबर्टने मान डोलावली. तो चालतच गेला. त्या हिवाळ्यात कुणी त्याला वाजवायला बोलावलं नाही हेही खरं, आणि हेही सांगायला हवं, की क्लेलने ते गाणं त्यानंतर रेडिओवर म्हटलं नाही.

व्हर्डी दोन बाकांच्या मधल्या वाटेत उभी होती. हात पुढे करावेत की नाही, तिला कळत नव्हतं. ओलेटा बाकावरून उतरली, पण लगेच आली नाही. वकील उलटतपासणी घेतो तशी, डोळे बारीक करून ती आईकडे बघत राहिली.

"तू कुठल्या दारावर ठोकलंस?" तिने विचारलं. "पुढच्या की मागच्या?"

"दोन्ही. आधी पुढच्या. मग मागच्या. मग तुझ्या खिडकीखाली उभी राहिले."

पोर विचारात पडली. तेवढ्यात समोरच्या खानावळीत कुणीतरी पुन्हा पेटीत नाणं टाकलं आणि फिडलचा सूर खिडकीतून आत आला. शिपाई काही न विचारता उठला आणि एकेक करून सगळ्या खिडक्या लावायला लागला.

"खिडकीखाली," ओलेटा म्हणाली. "हो. आधी पुढून आला होता आवाज, मग मागून, मग तिथून." आणि तिने हातातला पंखा आजीच्या मांडीवर नीट ठेवला, आणि आईचा हात धरला.